समुद्रातले लार्व्हा, म्हणजे प्राण्यांच्या पोहणाऱ्या अळ्या, कुठे चिकटायचं हे जिवाणू ठरवतात का? पुण्यात राहून यावर काम करता येईल का?

हो, ठरवतात. मी हे तावातावाने लिहितेय, कारण एमएस्सीच्या तोंडी परीक्षेत, पुण्यातल्याच एका कॉलेजात, याच मुद्द्यावर मला गप्प बसवलं होतं.

माझं प्रोजेक्ट साधं होतं. रत्नागिरीला भाट्याच्या खाडीत मामाच्या होडीजवळ काचेच्या स्लाइड्स दोरीला बांधून सोडल्या. काही आधीपासून खाडीच्या पाण्यात मुरवलेल्या, जिवाणूंच्या थरामुळे बोट लावलं की बुळबुळीत लागणाऱ्या. काही ॲसिडने धुतलेल्या, कोऱ्या. मग सगळ्या थर्मोकोलच्या खोक्यात भरून रातराणीने स्वारगेटला. मुरवलेल्या स्लाइड्सवर नळीत राहणाऱ्या किड्यांच्या चुन्याच्या पांढऱ्या, वेड्यावाकड्या रेघा दाट उमटल्या होत्या. कोऱ्यांवर तुरळक.

बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "अळ्या प्रवाहाबरोबर वाहत येतात आणि टेकायला मिळेल तिथे चिकटतात. यात मायक्रोबायॉलॉजी कुठे आली? आणि समुद्रच बघायचा होता तर पुण्यात कशाला आलीस?" शेजारी बसलेल्या माझ्या गाईड मॅडम वही चाळत राहिल्या.

प्रवाह आणून सोडतो, एवढं खरं. पुढचं लार्व्हा बघतो. खडकांना आणि होड्यांना चिकटून राहणाऱ्या, कवचवाल्या बार्नॅकलचा सायप्रिड, म्हणजे चिकटण्याआधीचा शेवटचा लार्व्हा, मायक्रोस्कोपखाली एकदा तरी पाहा. दोन स्पर्शिका पायांसारख्या टाकत तो काचेवर चालतो, थांबतो, चाचपतो, जागा पटली नाही तर सुटून परत पोहायला लागतो. या अवस्थेत तो काही खात नाही, साठवलेल्या चरबीवर निभावतो. आणि एकदा सिमेंट (स्वतःचा चिकट डिंक) सोडलं की जन्मभर तिथेच. असा प्राणी मिळेल तिथे कशाला चिकटेल?

बरं, हे काही काल सापडलेलं नाही. झोबेल आणि ॲलन या शास्त्रज्ञांनी 1935 मध्येच समुद्रात काचेच्या स्लाइड्स बुडवून दाखवलं होतं की आधी जिवाणूंचा थर बसतो आणि मोठे जीव त्यामागून येतात. समुद्री जिवाणू वाढवायला आपण रोज वापरतो ते झोबेल मरीन अगार त्याच झोबेलच्या नावाचं.

जिवाणू नेमकं काय करतात, हे हवाईतल्या हॅडफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हायड्रॉइडीस एलेगन्स या नळीकिड्यावर उलगडलं. स्यूडोअल्टेरोमोनास ल्युटिओव्हायोलेसिया हा जिवाणू विषाणूच्या शेपटीसारख्या, आकुंचन पावणाऱ्या नळ्यांचे जुडगे बनवतो. एका जुडग्यात सुमारे 100 नळ्या. त्यांचा स्पर्श झाला की लार्व्हाचं रूपांतर सुरू होतं. 2014 चं हे काम आहे. प्रवाळांचा मामला रसायनाचा आहे: दगडी लाल शैवालावरचे याच वंशाचे जिवाणू टेट्राब्रोमोपायरोल नावाचं रसायन तयार करतात आणि त्याने ॲक्रोपोरा या प्रवाळाच्या लार्व्हांचं रूपांतर होतं. मात्र 2011 च्या त्या प्रयोगात बरेचसे लार्व्हा कशालाही न चिकटताच बदलले, म्हणजे चिकटणं आणि बदलणं एकाच कळीने चालतं असं समजू नका.

आणखी एक सांगायचं राहिलं. जिवाणू बोलावतात तसे हाकलूनही लावतात. त्याच वंशातला स्यूडोअल्टेरोमोनास ट्युनिकाटा लार्व्हांना बसू देत नाही. बार्नॅकलच्या बाबतीत तर थर कोणता, किती जुना, यावर निकाल उलटा येऊ शकतो. त्यामुळे "बुळबुळ असली की बसणारच" हेही चूक.

पुण्यात काम करता येतं का? येतं. जिवाणू वेगळे करणं, ओळखणं, त्यांचे थर वाढवणं ही सगळी प्रयोगशाळेतली कामं, आणि सूक्ष्मजीवांचा मोठा संग्रह पाषाणला एनसीएलमध्येच (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) आहे. लार्व्हांसाठी मात्र किनाऱ्याला जावं लागेल. गोव्यात दोना पावलाच्या एनआयओत (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत) बार्नॅकलवर वर्षानुवर्षं काम झालंय. समुद्र लांब आहे म्हणून विषय बदला असं कुणी म्हणालं तर बदलू नका, गाईड बदला.

प्रयोग मांडाल तेव्हा कोऱ्या आणि मुरवलेल्या स्लाइड्सबरोबर तिसरा गटही ठेवा: थर तसाच, पण त्यातले जिवाणू मारलेले. लार्व्हा नुसत्या खरखरीतपणाला बसतात की जिवंत जिवाणूंना, हे तिथे दिसतं. माझ्याकडे तो गट असता तर परीक्षकांसमोर तीच स्लाइड ठेवली असती.