निर्भय आणि निर्भीड: दोन्हींत भीती नाही
'निर्भय' आणि 'निर्भीड' समानार्थी आहेत का, आणि शुद्ध रूप 'निर्भिड' की 'निर्भीड', हा प्रश्न आहे. समानार्थी नाहीत. शब्दकोड्यात चालून जातात, लिहिताना मात्र अडतात.

निर्भय म्हणजे निः + भय. पुढे मृदू व्यंजन आल्यामुळे विसर्गाचा र् झाला. निर्भीडमध्ये 'भी' दिसतो म्हणून तिथेही भीतीच असेल असं वाटतं, आणि गोंधळ तिथेच होतो. तो शब्द 'भीड' आहे: संकोच, मुर्वत. 'भीड भिकेची बहीण', भीड चेपणे, भिडस्त माणूस, सगळे याच घरातले. (हिंदीतली गर्दीवाली 'भीड' वेगळी.) म्हणून ओळखीच्या, उपकारकर्त्या किंवा वडीलधाऱ्या माणसाची चूकही जो तोंडावर सांगतो, तो निर्भीड. त्याला मनातून भीती वाटत असेलही.

वापरात फरक लगेच कळतो. टीका, मत, अग्रलेख, पत्रकार निर्भीड असतात, कारण तिथे बोलण्या-लिहिण्याचा संबंध आहे. 'त्याने निर्भीडपणे पुरात उडी घेतली' हे चूक. तिथे निर्भयपणे, किंवा बोलीत बेधडक. वातावरण निर्भय असू शकतं, निर्भीड नाही. मतदारांच्या प्रतिज्ञेत 'निर्भयपणे' आहे ते योग्यच: तिथे प्रश्न दडपणाचा आहे, भिडेचा नाही. अर्थात गावकीत भिडेपोटी पडणारी मतंही कमी नसतात, पण तो विषय वेगळा.

'अभय' मराठीत बहुतेक नाम म्हणूनच येतं आणि ते कुणीतरी द्यावं लागतं: अभय देणे, अभयदान. 'निर्धास्त'मध्ये शौर्य नाही, काळजी मिटलेली आहे. दार लावलंय, निर्धास्त झोपा. त्याच 'धास्ती'चा 'बिनधास्त' मात्र बोलीतला, थोडा बेफिकीर. शोकसभेतल्या गौरवात तो खटकतो. 'बेदरकार' तर दोषच. गाडी बेदरकारपणे चालवतात, सत्य बेदरकारपणे सांगत नाहीत.

आता ऱ्हस्व-दीर्घ. तत्सम (संस्कृतातून जसाच्या तसा आलेला) नसलेल्या अकारान्त शब्दातला उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरातला, इकार दीर्घ, म्हणून भीड, निर्भीड. सामान्यरूपात तो ऱ्हस्व होतो: भिडेपोटी, भिडेखातर. हे पाहूनच 'निर्भिड' लिहिलं जात असावं. पण 'पणा', 'पणे' लागताना सामान्यरूप होत नाही, म्हणून निर्भीडपणा, निर्भीडपणे. 'निर्भीडता'ही दिसतं, पण भीड मराठी शब्द असल्याने 'पणा' जास्त शोभतो. 'ता' निर्भयला लावा. आणि हिंदीतला 'निर्भीक' मराठीत आणू नका. आपल्याकडे भीक म्हटलं की वाटीच आठवते.