पॉलिसी घेताना दिलेली माहिती विमा कंपनी कुणाकुणाला देते?
क्लेम द्यायचा तर टीपीए (कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी संस्था), रुग्णालय, पुनर्विमा कंपनी (विमा कंपनीचाच विमा उतरवणारी कंपनी) यांना माहिती द्यावीच लागते, त्यात गैर काही नाही. खरी गोम अर्जाच्या शेवटी असते. सहीच्या वर, बारीक अक्षरात, ‘समूहातील कंपन्या व भागीदारांना माहिती देण्यास संमती’. एजंट बोट ठेवून म्हणतो, “इथे फक्त सही करा.” आईने केली, आणि महिनाभर कर्जवाल्यांचे फोन! ज्या अर्जात तिच्या शुगर-बीपीचे आकडे होते, तो असा फिरलेला मला सहन झाला नाही. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करून संमती मागे घ्या. दाद लागली नाही तर इर्डाच्या (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी नियामकाच्या) बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार नोंदवा, किंवा १५५२५५ वर फोन करा. आणि आधार देताना मास्क केलेलंच द्या, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात.