कान मराठी, वाक्य इंग्रजी

या महिन्याच्या पत्रांत भरतीच्या परीक्षांचीच गर्दी आहे. सांगलीच्या विश्रामबागेतल्या अभ्यासिकांत सध्या खुर्ची मिळत नाही असं मुलं सांगतात, त्याचाच हा परिणाम असावा. नव्या वाचकांसाठी एक सांगून ठेवते. या सदरात इंग्रजी वाक्यंसुद्धा मी नागरीतच लिहिते. स्पेलिंग समोर नसलं की लक्ष वाक्याच्या बांधणीकडे जातं, आणि आपलं काम बांधणीशीच आहे.

बाई, नमस्कार. मी एसएससीची, म्हणजे केंद्राच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या परीक्षेची तयारी करतोय. नियमांची वही तोंडपाठ आहे. तरीही ‘चूक ओळखा’च्या प्रश्नात मी ‘नो एरर’ करून येतो आणि नेमकी तिथंच चूक निघते. मॉक टेस्टमधली, म्हणजे सराव परीक्षेतली अशी चार वाक्यं सोबत पाठवतोय. खरं सांगू का, मला ती अजूनही बरोबरच वाटतात.
— एक परीक्षार्थी, विटा

अरे, वाटणारच. तुझी चारही वाक्यं बरोबर आहेत, फक्त मराठीत. पेपर काढणाऱ्याला हे माहीत असो वा नसो, आपल्या मुलांचे गुण जातात ते इथंच. नियम पाठ नसतो म्हणून जात नाहीत. इंग्रजी वाक्याच्या खाली एक मराठी वाक्य शांतपणे वाजत असतं, ते निर्दोष असतं आणि आपण त्याला मार्क देऊन मोकळे होतो.

तुझं पहिलं वाक्य घे. ‘अनटिल ही डज नॉट कम, वुई विल नॉट स्टार्ट.’ जोपर्यंत तो येत नाही, तोपर्यंत आपण सुरू करायचं नाही. मराठीत तो ‘नाही’ हवाच, काढला तर वाक्य लंगडतं. पण ‘तो येईपर्यंत’ म्हटलं की आपणही ‘नाही’ घालत नाही. म्हणजे आपल्याकडे दोन वाटा आहेत, इंग्रजीकडे ही दुसरी एकच. ‘अनटिल ही कम्स’, बस्स. ‘अनलेस’चंही तसंच आहे. ‘तो आल्याशिवाय’ म्हणून बघ, नकार आतच आहे.

दुसरं वाक्य, ‘ही इज वर्किंग हिअर सिन्स २०१९.’ २०१९पासून तो इथं काम करतोय. आपल्याला चालू वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजीत काम मागे सुरू झालं आणि अजून चालू आहे, हे दोन्ही क्रियापदाला सांगावं लागतं, म्हणून ‘हॅज बीन वर्किंग’. यातला सापळा बघ. ‘सिन्स’ दिसल्याबरोबर मुलं ‘सिन्स की फॉर’ हे तपासतात. २०१९ ही सुरुवातीची वेळ, म्हणजे ‘सिन्स’ बरोबर, असं म्हणून खूश होतात आणि पुढच्या प्रश्नावर जातात. क्रियापदाकडे कुणी बघतच नाही.

तिसऱ्याला फार वेळ नको. ‘टेल मी व्हेअर इज द ऑफिस.’ ‘ऑफिस कुठं आहे?’ आणि ‘ऑफिस कुठं आहे ते सांग’, मराठीत आतला क्रम बदलत नाही. इंग्रजीत प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की तो प्रश्नासारखा उलटा राहत नाही. ‘टेल मी व्हेअर द ऑफिस इज.’

चौथं मात्र माझं लाडकं आहे. ‘वॉकिंग थ्रू द शुगरकेन फील्ड, अ स्नेक बिट हिम.’ उसाच्या फडातून जाताना त्याला साप चावला. आपल्या जिल्ह्यात हे वाक्य कुणाच्याही तोंडून ऐकायला मिळेल आणि त्यात काडीची चूक नाही. इंग्रजीच्या हिशोबानं मात्र इथं साप फडातून चालत निघालाय, आणि पायी! वर्गात हे सांगितलं की मुलं हसतात आणि पुढच्याच पेपरात तीच चूक सोडून येतात.

असं का होतं? मराठीतलं ‘जाताना’, ‘बसल्यावर’, ‘बघून’ हे तुकडे कुणाचे आहेत ते आपण बऱ्याचदा अर्थावरून ठरवतो. ‘घरी येताना पाऊस लागला’ म्हटल्यावर पाऊस आमच्या घरी मुक्कामाला आला असं कुणी समजत नाही. इंग्रजी लेखी व्याकरण एवढी मोकळीक देत नाही. वाक्याच्या सुरुवातीला असा लोंबता तुकडा आला आणि स्वल्पविराम पडला, की त्याच्या पुढे येणारा कर्ताच त्या तुकड्याचा मालक. म्हणून एक तर तुकड्याला त्याचा कर्ता द्यायचा, ‘व्हाइल ही वॉज वॉकिंग थ्रू द फील्ड, अ स्नेक बिट हिम’. नाहीतर स्वल्पविरामानंतर खरा चालणारा आणायचा, ‘वॉकिंग थ्रू द फील्ड, ही वॉज बिटन बाय अ स्नेक’. परीक्षेत बहुतेक वेळा दुसरी दुरुस्ती पर्यायांत असते.

एक वाक्य माझ्याकडून जोडते, कारण तेही तू ‘नो एरर’मध्येच टाकशील. ‘द समर ऑफ सांगली इज हॉटर दॅन महाबळेश्वर.’ सांगलीचा उन्हाळा महाबळेश्वरपेक्षा कडक. मराठीत चोख. इंग्रजी परीक्षक म्हणतो, उन्हाळ्याची तुलना उन्हाळ्याशी करा, गावाशी नको. ‘दॅन दॅट ऑफ महाबळेश्वर.’

आता उपाय. ती नियमांची वही ठेव बाजूला. नवी वही घे, पानावर मधोमध रेघ मार. डावीकडे तुझं चुकलेलं इंग्रजी वाक्य आणि उजवीकडे ते वाचताना मनात आलेलं मराठी वाक्य, जसंच्या तसं. पन्नासेक वाक्यं झाली की तुला दिसेल, चुका पन्नास नाहीत, पाच-सहाच आहेत. परीक्षेत ‘वाक्य कसं वाटतंय’ हे विचारूच नकोस. कर्ता कोण, क्रियापद कुणाचं, सुरुवातीचा तुकडा कुणाच्या गळ्यात, तुलना कशाची कशाशी, एवढंच विचार. आणि हो, सगळ्या मॉकमध्ये ‘नो एरर’ किती वेळा खरं निघतं तेही मोजून ठेव. ते उत्तर निषिद्ध नाही. घाबरून कुठंतरी चूक शोधून काढणारी मुलंही मी पाहिली आहेत.

मॅडम, मी पुण्यात नोकरी करते, घर पलूसला. परदेशात एमबीएसाठी जीमॅट द्यायची आहे. मावसभावाची जुनी पुस्तकं मिळाली आहेत. त्यात सेंटेन्स करेक्शनचा मोठा भाग आहे. कुठून सुरुवात करू?

सुरुवातच करू नकोस. नोव्हेंबर २०२३मध्ये जीमॅटचा नवा, ‘फोकस’ नावाचा आराखडा आला, आणि जानेवारी २०२४नंतर जुना बंद झाला. नव्यात सेंटेन्स करेक्शन नाही. व्हर्बल विभागात २३ प्रश्न आणि ४५ मिनिटं आहेत, आणि प्रश्न फक्त उताऱ्याचं आकलन आणि युक्तिवादाची पारख यांचे. मावसभावाला पुस्तकं धन्यवाद म्हणून परत कर. घरात कुणी सॅट, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशाची परीक्षा देणार असेल तर गोष्ट वेगळी, तिथं व्याकरण अजून आहे.

बाई, माझी मुलगी जतला मराठी माध्यमात शिकली, भाचा सांगलीत इंग्रजी माध्यमात. दोघंही स्पर्धा परीक्षा देणार. इंग्रजी व्याकरणात मुलगी कायम मागे राहणार, असं सगळे म्हणतात. तुमचं मत सांगा.
— एक पालक

बोलण्यात भाचा पुढे असेल, ते मान्य करा. चूक ओळखण्यात असेलच असं नाही. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना आपल्या कानावर फार भरवसा असतो, आणि त्या कानानं लहानपणापासून ‘डिस्कस अबाउट’, ‘रिटर्न बॅक’, ‘कझिन ब्रदर’ हेच ऐकलेलं असतं. शाळेच्या आवारात रोज बोललेलं वाक्य पेपरात चूक म्हणून कसं दिसणार?

तुमच्या मुलीकडे एक हत्यार आहे, ते तिला कुणी दाखवलेलं नाही. तिनं शाळेत प्रयोग शिकलेत. ‘मुलीने आंबा खाल्ला’, ‘मुलीने चिंच खाल्ली’. खाणारी तीच, पण क्रियापद फळाप्रमाणे बदललं. हा कर्मणी प्रयोग. ‘मुलगी आंबा खाते’ हा कर्तरी. म्हणजे क्रियापद वाक्यात नेमकं कुणाचं ऐकतं हे शोधायची सवय तिला आहे. इंग्रजीत तर काम सोपं. क्रियापद कर्त्याचंच ऐकतं, फक्त तो कर्ता कुठंतरी लपलेला असतो.

लपतो कसा ते सांगते. ‘तासगावच्या द्राक्षांची प्रत चांगली आहे.’ मराठीत ‘प्रत’ द्राक्षांनंतर, क्रियापदाच्या जवळ येते. त्यामुळे क्रियापदाजवळचं नाम म्हणजे त्याचा धनी, असं आपल्या कानाला वाटत राहतं. इंग्रजीत क्रम फिरतो. ‘द क्वालिटी ऑफ द ग्रेप्स फ्रॉम तासगाव आर गुड.’ मध्ये द्राक्षं आली, अनेकवचनी, आणि ‘आर’ गोड लागलं. इथं ‘इज’ हवं, कारण चांगली आहे ती क्वालिटी. मुलीला सांगा, ‘ऑफ’पासून क्रियापदापर्यंतचा मजकूर पेन्सिलीनं कंसात टाकायचा. ‘अॅज वेल अॅज’, ‘अलाँग विथ’, ‘टुगेदर विथ’ आले तरी हेच करायचं. ‘द सरपंच, अॅज वेल अॅज द मेंबर्स, वॉज प्रेझेंट.’ मेंबर कितीही आले तरी क्रियापद सरपंचाचंच.

२०२३च्या तलाठी भरतीत शंभरपैकी पंचवीस प्रश्न इंग्रजीचे होते आणि पंचवीस मराठीचे. मराठी व्याकरण नीट येणाऱ्या मुलीला मागे कोण म्हणतंय, त्यांना एकदा भेटायला आवडेल मला.

टेस्ट सिरीजमध्ये ‘शी इज वन ऑफ द गर्ल्स हू हॅज क्लिअर्ड द एक्झाम’ हे वाक्य बरोबर धरलंय. आमचे सर म्हणतात ‘हॅव’. भांडण मिटवा.
— तीन मैत्रिणी, मिरज

सर बरोबर. ‘हू’ कुणासाठी आलाय ते बघा, ‘गर्ल्स’साठी. वाक्य फिरवून बघा, ‘ऑफ द गर्ल्स हू हॅव क्लिअर्ड द एक्झाम, शी इज वन.’ पास झालेल्या मुली अनेक, ही त्यांच्यातली एक. मात्र ‘द ओन्ली वन ऑफ द गर्ल्स’ असलं तर ‘हॅज’, कारण तेव्हा पास झालेली एकटीच. चांगल्या इंग्रजी लेखकांनीही पहिल्या वाक्यात ‘हॅज’ लिहिलेलं सापडतं, पण ते परीक्षा देत नव्हते.

आन्सर कीला देववाणी मानू नका. अमेरिकेत ऑक्टोबर २००२च्या पीएसॅट या सॅटपूर्व परीक्षेत टोनी मॉरिसन या नोबेलविजेत्या लेखिकेवर एक वाक्य होतं. त्याची सुरुवात अशी, ‘टोनी मॉरिसन्स जीनियस एनेबल्स हर टू क्रिएट नॉव्हेल्स’. कीनुसार वाक्यात चूक नव्हती. मेरीलँड राज्यातल्या एका शिक्षकानं हरकत घेतली. ‘हर’ हे सर्वनाम कुणाबद्दल? वाक्यात ‘मॉरिसन’ हे नाम स्वतंत्र नाहीच, ‘मॉरिसन्स’ हे षष्ठीतलं रूप आहे, आणि षष्ठीतल्या नामाकडे असं सर्वनाम बोट दाखवू शकत नाही, असं काही व्याकरणं म्हणतात. परीक्षा घेणाऱ्या ईटीएस संस्थेनं आधी ऐकलं नाही. पत्रव्यवहार लांबला आणि २००३मध्ये तो प्रश्न रद्द करून गुण पुन्हा मोजावे लागले. मला विचाराल तर ते वाक्य निर्दोष होतं, इतका सोवळा नियम कुणी पाळत नाही. पण ज्या प्रश्नावर व्याकरणाची पुस्तकंच भांडतात, तो परीक्षेत घालायचा कशाला?

आपल्याकडेही एमपीएससी आधी पहिली उत्तरतालिका लावते, हरकती घेते आणि मग अंतिम तालिका काढते. हरकत घ्यायची तर पुरावा जोडा. ‘आमच्या सरांनी सांगितलं’ हा पुरावा होत नाही, सर कितीही बरोबर असले तरी.

थोडक्यात उत्तरं द्या: ‘नो सूनर’नंतर ‘व्हेन’ चालतं का? ‘अ नंबर ऑफ’ आणि ‘द नंबर ऑफ’ यांत फरक काय? ‘टेन किलोमीटर्स’ला ‘इज’ की ‘आर’?
— अभ्यासिकेतला ग्रुप, कवठेमहांकाळ

चालत नाही, ‘दॅन’ हवं. ‘व्हेन’ हे ‘हार्डली’ आणि ‘स्केअर्सली’च्या जोडीचं. ‘अ नंबर ऑफ स्टुडंट्स हॅव’, ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स हॅज’. अंतर एकत्र धरलं की ‘इज’.

बाई, दोन पर्यायांत अडकलो की सोडून देऊ का ठोकून देऊ? निगेटिव्हची भीती वाटते.
— एक परीक्षार्थी, शिराळा

हा प्रश्न व्याकरणाचा नाही, पण उत्तर हिशोबात आहे. एसएससीच्या सीजीएल या पदवीधरांसाठीच्या परीक्षेत पहिल्या टप्प्यात बरोबर उत्तराला २ गुण, चुकलं तर ०.५० वजा. चारपैकी दोन पर्याय तू खात्रीनं खोडलेस तर उरलेल्या दोनांतला एक लावल्यानं सरासरी पाऊण गुण हातात पडतो. सोडून दिल्यावर शून्य. तेव्हा लाव. दुसऱ्या टप्प्यात ३ गुण आणि चुकीला १ वजा, तिथं चारही पर्याय सारखेच वाटत असतील तर डोळे मिटून लावल्यानं सरासरी काहीच मिळत नाही, तो वेळ उताऱ्याला दे. दोन खोडले असतील तर तिथंही लाव. मात्र खोडलेत म्हणजे कारणासह खोडलेत. ‘हे जरा विचित्र वाटतंय’ म्हणून खोडलेला पर्याय खोडलेला धरू नकोस, विट्याच्या मुलाचं वर काय झालंय ते वाच.

पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना पूर्ण वाक्य आणि चारही पर्याय लिहा. ‘बाई, तो परवाचा प्रीपोझिशनवाला प्रश्न’ एवढ्यावरून मला काही कळत नाही.