पेव्हर मशीनच्या मागे काँक्रीट ढासळत का नाही, आणि गल्लीतला रस्ता तसा का होत नाही?

तुम्ही विचारलंय की गावाशेजारून जाणाऱ्या महामार्गावर एक भलंमोठं मशीन काँक्रीट ओतत पुढे सरकतं, मागे फूटभर जाडीचा रस्ता तयार होतो, कडेला माल अडवायला फळी नाही की लोखंडी चॅनेल नाही, तरी माल ढासळत कसा नाही? आणि तसंच काँक्रीट तुमच्या गल्लीत टाकलं त्याला दोन वर्षांत भेगा का पडल्या? महामार्गाच्या काँक्रीट कामावर साइट इंजिनिअर म्हणून मी बरीच वर्षं काढली आहेत. रोज डोळ्यांसमोर जे घडायचं त्यावरून सांगतो.

आधी एक दुरुस्ती. मशीन काँक्रीट ओतत नाही. त्याच्यापुढे टिपर माल ओततात, मशीन तो पसरवतं, दाबतं आणि आकार देतं. हा फरक मी मुद्दाम सांगतोय, कारण रस्ता चांगला होणार की वाईट याचा निम्मा निकाल मशीनच्या पुढेच लागलेला असतो.

आता काँक्रीट उभं कसं राहतं ते. या मशीनला स्लिपफॉर्म पेव्हर म्हणतात. त्याला लागणारा माल घराच्या स्लॅबला पंपाने चढवतात तसा वाहता नसतो, चांगलाच घट्ट असतो. साइटवर 30 सेंटिमीटर उंचीच्या पत्र्याच्या कोनात माल भरून कोन अलगद वर उचलतात आणि ढीग किती खाली बसला ते मोजतात. त्याला स्लंप म्हणतात. स्लॅबचा माल 10-12 सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त बसतो. पेव्हरचा माल बसतो जेमतेम 2 ते 4 सेंटिमीटर. म्हणजे तो मुळातच स्वतःच्या जोरावर उभा राहणारा माल आहे. पण एवढा घट्ट माल नुसता पसरला तर आत पोकळ्या राहतील. म्हणून पेव्हरच्या पोटात ओळीने व्हायब्रेटर बसवलेले असतात, साधारण अर्ध्या मीटरला एक. ते मिनिटाला हजारो वेळा थरथरतात. त्या थरथरीत माल तेवढ्यापुरता पातळ होतो, हवा बुडबुड्यांनी वर येते, खडी एकमेकीला चिकटून बसते. लगेच तो माल एका जड पोलादी तव्याखालून, दोन्ही बाजूंच्या सरकत्या फळ्यांच्या मधून दाबून बाहेर निघतो. व्हायब्रेटर पुढे गेले की माल पुन्हा घट्ट. सोऱ्यातून चकली पडते तसाच प्रकार: पीठ नीट भिजलेलं असेल तर कंगोरा मोडत नाही, सैल झालं की चकली पसरते. फळ्या इथेही असतात, फक्त त्या मशीनबरोबर पुढे जातात. तुम्हाला दिसत नाहीत त्या यामुळे.

व्हायब्रेटरही हवे तितकेच थरथरले पाहिजेत. जास्त जोर लावला तर खडी खाली बसते, वर नुसता सिमेंटचा रस येतो आणि पृष्ठभागावर व्हायब्रेटरच्या वाटेने लांबच लांब पट्टे उमटतात. रस्ता जुना झाला की त्या पट्ट्यांवरच आधी भेगा धरतात. अमेरिकेतल्या आयोवा राज्याने हा धडा घेऊन व्हायब्रेटरचा वेग मिनिटाला 5,000 ते 8,000 थरथरी एवढाच ठेवायचा नियम केला. हे मशीन जन्मलंही तिथेच. आयोवाच्या महामार्ग विभागातल्या जेम्स जॉन्सन यांनी 1947 मध्ये जेमतेम 18 इंच रुंदीचा पट्टा टाकणारं छोटं यंत्र करून बघितलं आणि 1949 मध्ये त्याच तत्त्वावर खरा रस्ता झाला. आपल्याकडे मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग 2002 मध्ये पूर्ण झाला, तेव्हापासून काँक्रीटचा महामार्ग म्हणजे काय हे महाराष्ट्राला माहीत झालं. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा, तोही काँक्रीटचाच.

आता माल टाकण्याकडे वळतो, कारण खरी मेहनत आणि खरी भांडणं तिथे असतात. इतका घट्ट माल फिरत्या ड्रमच्या मिक्सरमधून नीट उतरत नाही, म्हणून महामार्गावर टिपर वापरतात, वरून ताडपत्री टाकून. टिपर उलटा येतो, पेव्हरच्या पुढे ढीग करतो, आणि एक्स्कॅव्हेटर किंवा जेसीबी तो ढीग पूर्ण रुंदीत पांगवतो. त्यानंतर पेव्हरचा आडवा स्क्रू माल डावी-उजवीकडे सारखा करतो. हा ढीग कुठे गुडघाभर, कुठे कमरेएवढा असेल तर तव्यावरचा दाब सगळीकडे सारखा राहत नाही आणि मागे पृष्ठभागाला लाट येते. म्हणून काही कामांवर पेव्हरच्या पुढे वेगळं प्लेसर-स्प्रेडर मशीन चालवतात. टिपर त्याच्या बाजूला उभा राहतो, रबरी पट्ट्यावरून माल मध्ये येतो आणि एकसारखा पसरतो. याचा आणखी एक फायदा आहे. टिपरना खालच्या डीएलसीवर, म्हणजे रस्त्याखालच्या कोरड्या काँक्रीटच्या थरावर, उलटं चालवावं लागत नाही, त्यामुळे त्यावर अंथरलेला प्लास्टिकचा कागद फाटत नाही. तो कागद फाटला की वरचा थर खालच्या थराला जागोजागी धरून बसतो आणि नको तिथे भेग जाते. माझं मत विचाराल तर मोठ्या कामावर प्लेसरचा खर्च वाचवू नये. पण बहुतेक ठेकेदार एक्स्कॅव्हेटरवर भागवतात. त्यातही ऑपरेटर कसबी असेल तर काम सुंदर होतं, हेही खरं.

पेव्हर थांबता कामा नये. या मशीनचं सगळं गणित यावर आहे. समजा 8.5 मीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर जाड रस्ता टाकायचा आहे आणि मशीन मिनिटाला 1 मीटर चालतंय. म्हणजे मिनिटाला अडीच घनमीटर, तासाला दीडशे घनमीटरच्या वर माल पाहिजे. दहा चाकी टिपरमध्ये साडेसहा-सात घनमीटर बसतो. म्हणजे दर अडीच-पावणेतीन मिनिटांना एक टिपर मशीनपुढे रिकामा व्हायला हवा, आणि काँक्रीट बनवणारा प्लांट वीस मिनिटांवर असेल तर रस्त्यावर कायम वीस-बावीस टिपर फिरते राहायला हवेत. फेब्रुवारी 2021 मध्ये दिल्ली-वडोदरा द्रुतगती मार्गावर 24 तासांत 18.75 मीटर रुंदीचा 2,580 मीटर रस्ता टाकला गेला. जवळपास 14,600 घनमीटर माल. सात घनमीटरचा टिपर धरला तर दिवसरात्र दर चाळीस-पंचेचाळीस सेकंदांना एक टिपर. लोकांनी त्यात मशीनचं कौतुक केलं. मला त्या प्लांटवाल्यांचं आणि टिपरच्या रांगा लावणाऱ्यांचं जास्त वाटतं.

थांबलं तर काय होतं? पोटातला माल उन्हात घट्ट होऊ लागतो, तवा त्यावर किंचित रुततो आणि पुन्हा निघताना आधी चढतो, मग उतरतो. मागे एक उंचवटा राहतो. काही मिलिमीटरचा असतो, पण गाडी शंभरने जाते तेव्हा कळतो. महामार्गावर अचानक एखादा हलका हिसका बसतो ना, तिथे बऱ्याचदा टिपर वेळेवर आला नव्हता असं समजा. मराठवाड्यात, विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत आम्ही काम रात्रीच लावायचो, पाण्यात बर्फ टाकायचो. टाकतेवेळी मालाचं तापमान 30 अंशांवर जाता कामा नये असा दंडक आहे, आणि दुपारी तो पाळणं अवघडच.

मशीनच्या दोन्ही बाजूंना लोखंडी खुंट्यांवर ताणलेली दोरी तुम्ही पाहिली असेल. ती साधी दोरी नाही, मशीनचे डोळे तिच्यावर आहेत. पेव्हरला जोडलेली छोटी काठी त्या दोरीला घासत जाते, दोरी वर गेली की मशीन वर, दोरी वळली की मशीन वळतं. कुणी नकळत त्या दोरीवर पाय दिला किंवा हात टेकला, तर तेवढ्या जागी रस्त्याला खळगा पडतो. म्हणून बघायला या जरूर, पण दोरीपासून लांब उभे राहा. हल्ली टोटल स्टेशनवरून, म्हणजे मोजणीच्या इलेक्ट्रॉनिक दुर्बिणीवरून, दिशा घेणारी, दोरीशिवाय चालणारी मशीनंही आली आहेत.

रस्त्यात सळया कुठून येतात, हेही बऱ्याच जणांना कोडं असतं. दर 4.5 मीटरला आडवा सांधा असतो. तिथे 32 ते 38 मिलिमीटर जाडीच्या गुळगुळीत सळया, दर 30 सेंटिमीटरला एक, जाडीच्या मधोमध बसवायच्या असतात. त्यांना डॉवेल म्हणतात. दोन सांध्यांमधल्या एका चौकोनावरचं चाक दुसऱ्यावर जाताना भार या सळया पोचवतात. मोठ्या पेव्हरला डॉवेल घालणारा जोड असतो. सळया वर ओळीने मांडल्या जातात आणि थरथरणारे काटे त्यांना ओल्या काँक्रीटमध्ये खाली दाबतात. मशीन चालत असतं, पण काटे तेवढा वेळ मालाच्या दृष्टीने जागेवरच राहतात आणि सळई बसली की सरकून पुन्हा पुढच्या जागी येतात. काट्यांनी उकरलेली जागा मागचा आडवा हलणारा बीम बुजवतो, त्यामागे लांब थापी पुढे-मागे फिरते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी कामधाम सोडून तिथेच उभा राहिलो होतो. त्यानंतर गोणपाट ओढणं, रेघा मारणं आणि क्युअरिंग कंपाउंडचा, म्हणजे काँक्रीटमधलं पाणी उडू न देणाऱ्या द्रवाचा फवारा, हे सगळं मागून येणारी दुसरी छोटी गाडी करते.

आता तुमची गल्ली. तिथे पेव्हर आणणं शक्यही नाही आणि गरजही नाही. साडेतीन-पावणेचार मीटर रुंदीच्या, चेंबर आणि नळजोडण्या असलेल्या रस्त्यावर लोखंडी चॅनेल लावून हाताने केलेलं कामही उत्तम टिकतं. भेगा मशीन नसल्यामुळे पडत नाहीत, घाईमुळे आणि ढिलाईमुळे पडतात. हाताने ओढायला सोपं जावं म्हणून मिक्सरमध्ये वरून पाणी मारतात. ते पाणी पुढे उडून जातं, माल आकसतो आणि फाटतो. निडल व्हायब्रेटर, म्हणजे हातात धरायचा नळीसारखा व्हायब्रेटर, दोनचार ठिकाणी बुडवून वर फळी फिरवली की वरून चकचकीत दिसतं, पण कडेला चॅनेलजवळ माल पोकळ राहतो, आणि काठ तिथूनच सुटतात. रस्त्याचा उतारही दोरीऐवजी नजरेने धरतात, मग पाणी साचतं.

आणि सर्वांत जास्त नुकसान होतं ते सांधे उशिरा कापल्यामुळे. काँक्रीट आकसणार, त्यामुळे ते कुठेतरी फाटणारच. आपण जाडीच्या चौथ्या ते तिसऱ्या भागापर्यंत कटरने चीर देतो, म्हणजे भेग त्या चिरेखाली सरळ रेषेत जावी. पण ही चीर उन्हाळ्यात साधारण सहा-आठ तासांत, थंडीत थोडी उशिरा द्यावी लागते. लवकर दिली तर कडेची खडी निघते, उशीर झाला तर काँक्रीट आपल्या मर्जीने फाटून मोकळं झालेलं असतं. संध्याकाळी काम संपतं, कटरवाला दुसऱ्या दिवशी दुपारी येतो, आणि तोपर्यंत नागमोडी भेग आलेली असते. तुमच्या गल्लीतल्या भेगा चिरेच्या जवळून पण वाकड्यातिकड्या गेल्या असतील तर कारण बहुतेक हेच. पुढच्या वेळी काम निघालं की ठेकेदाराला आधी एवढंच विचारा, रात्री कटर कोण चालवणार आहे. आणि गोणपाट टाकून चौदा दिवस पाणी कोण मारणार, तेही त्याच वेळी ठरवून घ्या.