पॅच लावणं म्हणजे कारकुनी का?

प्रश्न : मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. इंटर्नशिपमध्ये मला फक्त सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीला सिक्युरिटी पॅच, म्हणजे सुरक्षेतल्या फटी बुजवणाऱ्या छोट्या दुरुस्त्या, लावायचं काम मिळालंय. बरोबरचे मित्र नवीन अ‍ॅप बनवतायत. कित्येकदा पॅच लागतच नाही आणि दिवस फुकट जातो. याचा पुढे नोकरीला उपयोग होईल का?

उत्तर : जो दिवस फुकट गेला म्हणतोस, तोच मला कामाचा वाटतो. पॅच मुकाट्याने लागला, तर ते काम कुणीही केलं असतं. हंक, म्हणजे पॅचमधला बदलाचा एक तुकडा, नाकारला गेला आणि समोर अशा न लागलेल्या तुकड्यांची ‘.रेज’ (.rej) फाइल आली, की मात्र दोन्ही कोड वाचावे लागतात : दुरुस्ती ज्यासाठी लिहिली तो नवा, आणि तुझ्यापुढचा जुना. दुरुस्तीमागचा हेतू समजून ती जुन्या कोडमध्ये नव्याने बसवणं म्हणजे बॅकपोर्टिंग. डेबियनसारख्या लिनक्स वितरणांच्या स्थिर आवृत्त्या बव्हंशी याच कामावर टिकून असतात.

पॅच लागला म्हणजे बरोबरच लागला, असंही समजू नकोस. लॅरी वॉल यांनी १९८५मध्ये लिहिलेला ‘पॅच’ हा प्रोग्रॅम बदलाच्या वर-खालच्या ओळींवरून जागा शोधतो. या ओळी सहसा ३-३ असतात. त्या तंतोतंत जुळल्या नाहीत, तर कडेच्या २ ओळींपर्यंत तो काणाडोळा करतो. यालाच फझ म्हणतात. शेजारी सारखी दिसणारी दोन फंक्शन्स असतील, तर पॅचमधली नवी तपासणी भलत्याच फंक्शनमध्ये जाऊन बसते. कोड कम्पाइल होतो, फट तशीच राहते. ‘गिट अप्लाय’ ही गिटमधली पॅच लावायची कमांड आपणहून एवढी सूट देत नाही, म्हणून मला ती जास्त आवडते.

(मी स्वतः एकदा अर्धा दिवस डोकं फोडलं होतं. शेवटी कळलं, मेलमधून कॉपी करताना टॅबच्या जागी स्पेस आल्या होत्या. तेव्हा पॅच नेहमी फाइल म्हणूनच उतरवून घे.)

आता सवयीचं. आधी ड्राय-रन कर, म्हणजे फाइल न बदलता पॅच लागेल का ते बघ. पॅच लावण्यापूर्वी दोष तुझ्या आवृत्तीत खरोखर दिसतो का ते पाहा. कधी कधी दोष नंतरच्या कोडमध्ये शिरलेला असतो आणि जुन्याला पॅचची गरजच नसते. जी टेस्ट आधी नापास होत होती, ती नंतर पास झाली पाहिजे.

बायोडेटात ‘पॅच लावले’ एवढंच लिहिलंस, तर कुणी ढुंकून बघणार नाही. एकच अवघड उदाहरण निवड. जुन्या कोडमध्ये काय वेगळं होतं, तू काय बदललंस आणि ते कसं तपासलंस, हे चार ओळींत मांड. मूळ दुरुस्ती दुसऱ्याची आहे हेही लिही. मुलाखतीत ते विचारतातच.

तुझ्या मित्रांचं कामही चांगलंच आहे, आणि कोरा कोड लिहायची सवय तुलाही लागेल. नाकारलेले हंक वरिष्ठच सोडवत असतील आणि तुझ्या वाट्याला नुसती स्क्रिप्ट चालवणं येत असेल, तर मात्र तुझी तक्रार रास्त आहे. याच आठवड्यात त्यांच्याकडून एक ‘.रेज’ फाइल मागून घे.