'रेचिड': बिचारा की मेला?

प्रश्न असा आहे: इंग्रजी बातम्यांत निर्वासितांच्या छावण्यांबद्दल 'रेचिड (wretched) कंडिशन्स' असं वाचायला मिळतं, तर 'रेचिड' म्हणजे 'गरीब' समजायचं का?

नाही. गरिबी त्यात बहुधा असते, पण पैसेवालाही रेचिड असू शकतो. ज्याची अवस्था बघवत नाही तो रेचिड. छावणीच्या संदर्भात 'हलाखीची परिस्थिती' उत्तम. 'आय फील रेचिड' म्हणणारा मात्र हलाखीत नसतो. त्याला कणकण असते, नाहीतर तो कुणाला तरी नको ते बोलून बसलेला असतो. आपण पहिल्या वेळी 'कसंतरीच होतंय' म्हणू, दुसऱ्या वेळी 'मेल्याहून मेल्यासारखं झालं'.

निर्वासितांना हा शब्द चपखल बसतो तो व्युत्पत्तीमुळे. जुन्या इंग्रजीत 'व्रेक्का' म्हणजे हद्दपार केलेला, ना कुळाचा आधार ना धन्याचा. त्यावरून 'रेच' हे नाम आणि पुढे हे विशेषण. गंमत अशी की जर्मनमधला 'रेके' याच कुळातला, पण त्याचा अर्थ वीर, योद्धा! परमुलखात भटकणारा तोच माणूस एका भाषेत दीन ठरला, दुसरीत पराक्रमी. एमा लाझारस यांनी 1883 साली अमेरिकेत येणाऱ्या स्थलांतरितांवर लिहिलेल्या सुनीतातही 'रेचिड' आहे. 1903 मध्ये ते न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीच्या चौथऱ्यात लावलं गेलं.

याच शब्दाला कीव सोडून वैतागही चिकटलाय. 'दॅट रेचिड फोन!' यात फोनची दया कुणालाच येत नसते. इथे शब्दकोश मिटून ठेवा आणि आजीचं ऐका: 'मेला तो फोन!'

कीव आणि तुच्छता दोन्ही पोटात घेणारा मराठी शब्द हवा असेल तर माझं मत 'दळभद्री'ला. 'करंटा'ही जवळचा, पण त्यात 'स्वतःच्या कर्मानं' अशी एक टोचणी असते. दासबोधाच्या 19 व्या दशकात करंट्याची लक्षणं सांगितली आहेत, त्यांत आळस ठळक आहे. रेचिड माणसाचा दोष असेलच असं नाही, म्हणून छावणीतल्या लोकांना 'करंटे' म्हणणं अन्यायाचं होईल.

उच्चाराचं एवढंच की सुरुवातीचा डब्ल्यू मुका, आणि शेवट 'रेच्ड' असा न गिळता 'नेकिड'सारखा सुटा: रे-चिड. नुसतं 'रेच' ऐकू आलं तर संदर्भ बघा. डब्ल्यू नसलेला, उच्चाराने अगदी तसाच दुसरा शब्द (retch) उमासे येण्यासाठी आहे.