अंगठा जुळत नाही तेव्हा

अनेक आशीर्वाद.

ओळख क्रमांकाच्या कामासाठी तुझं अदिस अबाबाला जाणं नक्की झालं, हे कळलं. इथिओपियाच्या ओळख क्रमांकाचं नावच ‘फायदा’! अरबीतून आलेला शब्द, अर्थही जवळपास आपलाच. सॉफ्टवेअर मोसिप, म्हणजे बंगळुरूच्या आयआयआयटीत उभं राहिलेलं. त्यामुळे ‘आधार केलंय, आम्हाला काय सांगता’ असा ताठा घेऊन जाणारे पुष्कळ असतात. तू तसं करू नकोस.

तिकडे आडनाव नसतं. स्वतःचं नाव, वडिलांचं, आजोबांचं. आडनावाचा रकाना सक्तीचा ठेवला की ऑपरेटर आजोबांनाच आडनाव करून टाकतो. त्यांचं वर्ष तेरा महिन्यांचं, आपल्या कॅलेंडरच्या सात-आठ वर्षं मागे. शिवाय जन्मतारीख ठाऊक नसलेली माणसं तिथेही भेटतील. आपल्याकडे गुरुजींनी पिढ्यान्‌पिढ्या १ जून वाटला. आधारने निदान सांगितलेली तारीख आणि कागदाने सिद्ध झालेली तारीख वेगळी ठेवली. तो फरक पुसला जाऊ देऊ नकोस.

माझा स्वतःचा धडा मात्र अंगठ्याचा. २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबारमधल्या टेंभलीत पहिलं आधार दिलं गेलं. त्यानंतर काही वर्षं मी नोंदणी शिबिरांतून फिरलो. आज किती झाल्या, एवढंच मोजायचो. दहा बोटं, दोन बुबुळं, फोटो. एखादं बोट पुसट आलं तरी बाकीच्यांवर निभावतं. पुढे एका रेशन दुकानात ऊसतोडीहून परतलेली बाई पाहिली. मशीनवर एकेक बोट टेकवत होती, दर वेळी ‘जुळत नाही’. दुकानदार म्हणाला, हात धुऊन या. ती धुऊन आली. तरी नाही. माझ्या आकड्यांत ती बाई यशस्वी नोंदणी होती.

अंगठा जुळला नाही तर बुबुळ, ओटीपी, तेही नाही तर वहीत सही घेऊन धान्य, हे सॉफ्टवेअरच्या पहिल्या आवृत्तीतच बसव. रिकाम्या हाताने किती परतले, तेही मोज.

केनियात दुष्काळाच्या दिवसांत धान्य मिळावं म्हणून सोमाली वंशाच्या कित्येक केनियन नागरिकांनी निर्वासितांच्या यादीत बोटं टेकवली. पुढे राष्ट्रीय ओळखपत्र मागायला गेले, तर उत्तर मिळालं, तुम्ही निर्वासित. दुबार नोंद पकडणारं यंत्र चोख चाललं होतं! इथिओपियातही निर्वासित मोठ्या संख्येने आहेत. जुळणी सापडल्यावर निर्णय कोण घेणार, दाद कुठे मागायची, हे पहिल्याच बैठकीत विचार.

निघण्याआधी एक दिवस लॅपटॉप घरी ठेवून रेशनच्या रांगेत उभं राहा. आणि तिखटाचं ओझं नेऊ नकोस, तिकडचं बर्बेरे आपल्या तिखटाला ऐकत नाही.